पुलाकडे पाठ

मी पुलाच्या तोंडाशी उभी असलेली पाटी बोलतेय. दोन हात लांब, हातभर रुंद, पत्र्याची. पांढऱ्या अंगावर लाल अक्षरं: ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव येथे छायाचित्रण करण्यास सक्त मनाई आहे.’ रोज हजारो माणसं माझ्यासमोरून जातात, पण मला वाचतं कोण? नव्या सुनेकडे पहिले चार दिवस सगळे टक लावून बघतात आणि पाचव्या दिवसापासून तिच्या हातचा चहा घेताना मानही वर करत नाहीत, तसंच माझं झालं.

माझा जन्म लढाईतला. नदीच्या वरच्या अंगाचा एक पूल शत्रूच्या विमानांनी पाडला होता, आणि आधी कुणीतरी त्याचे फोटो काढून नेले होते, असं लोक बोलत. आमच्या पुलावरून ताडपत्री ओढलेल्या सैन्याच्या गाड्या जायच्या. मला रंगवणाऱ्या पेंटरचा भाऊ त्यातल्याच एका गाडीत होता. शेवटचं अक्षर काढून झाल्यावर पेंटर मला म्हणाला, "नीट उभी राहा गं बाई." मी राहिले. खोटं कशाला बोलू, लढाईच्या त्या एकवीस दिवसांत मला माझ्या अक्षरांचा अभिमान होता. माझ्या आडोशाला खरोखरच कुणाचा तरी जीव होता.

लढाई संपली. वाळूच्या गोण्या गेल्या, तोफ गेली, मी तेवढी राहिले. मला लावायचा हुकूम ज्या कचेरीने काढला, ती कचेरी लढाईबरोबरच बंद झाली. आता मला काढायचं तर पुन्हा हुकूम हवा, आणि तो द्यायचा अधिकार कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पूल खात्याच्या एका कारकुनाने वर विचारून पाहिलं. उत्तर आलं की पाटी लावण्यामागचं कारण गोपनीय असल्यामुळे ती काढण्यावर चर्चा करता येत नाही. त्यानंतर कुणी माझ्या वाटेला गेलं नाही.

मग मात्र माझे दिवस मजेत गेले. नवी जोडपी कठड्याला टेकून फोटो काढायची, आणि फोटो काढून द्यायला बोलवायची कुणाला, तर माझ्या शेजारी स्टुलावर बसणाऱ्या माझ्याच पहारेकऱ्याला. "हसा की जरा, लग्न तुमचंच झालंय ना?" असं म्हणत तो मोबाइल आडवा धरायचा. पूल खात्याच्या कॅलेंडरवर दर वर्षी आमचाच पूल असायचा. एका वर्षी तर कोपऱ्यात मीही आले होते, अक्षरांसकट.

पुढे नदीच्या पात्रात वाळू उपसणारी यंत्रं आली. ती तिसऱ्या खांबाच्या अगदी पायाशी खणायची. पूल खात्याचे मोठे साहेब कधीमधी गाडीतून यायचे, यंत्रांकडे बघायचे, खांबाकडे न बघता परत जायचे.

खांबाकडे बघितलं ते म्हाताऱ्या गवंड्याने. उभा जन्म ओळंबा धरण्यात गेलेला, आता एका डोळ्यात मोतीबिंदू. सकाळी नदीकाठी फिरायला यायचा, तर सोबत त्याची सून असायची. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. एके दिवशी म्हाताऱ्याने खांबावरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबला. खांबाला तडा गेला होता. तो वर चढत पार कठड्यापर्यंत आला होता.

त्याने घरून काचेची बोटभर पट्टी आणली, दोन्ही टोकांना सिमेंट लावून तड्यावर आडवी चिकटवली आणि शेजारी खडूने तारीख घातली. सून बघत राहिली तेव्हा म्हणाला, "सूनबाई, खांब सरकतो तो केसाएवढा. आपल्याला कळत नाही. काचेला सरकता येत नाही, ती तुटते."

काच सहाव्या दिवशी तुटली. दुसरी लावली, ती चौथ्या दिवशी.

म्हातारा पूल खात्यात गेला. तिथल्या कारकुनाने तक्रारीचा छापील अर्ज पुढे सरकवला. अर्जात खाली एक चौकट होती: छायाचित्र जोडावे. फोटोशिवाय अर्ज दाखल होत नाही, असं कारकुनाने दोनदा बजावलं. म्हणून दुसऱ्या दिवशी म्हातारा सुनेचा मोबाइल घेऊन माझ्याखालून काठावर उतरला. पाय घसरू नये म्हणून पहारेकऱ्याने त्याचा दंड धरून ठेवला. फोटो छान आला. तडा आला, तुटकी काच आली आणि मागे वाळूचं यंत्रही आलं.

तो अर्जाला जोडून म्हाताऱ्याने खात्यात दिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी त्याला घरातून उचललं. गुन्हा कशाखाली, तर माझ्याखाली. साक्षीदार म्हणून पहारेकऱ्याचं नाव घातलं होतं. जामीन नाही.

सून चौकीवर गेली. ती काय बोलली हे जबाबासाठी तिथेच बसवलेल्या पहारेकऱ्याने मग कितीतरी लोकांना सांगितलं, म्हणून मला कळलं. सासऱ्यांचा गुन्हा काय, असं तिने विचारलं. ते सांगणंच सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, असं चौकीतले साहेब म्हणाले. तडा खरा आहे की नाही, असं तिने विचारलं. तेव्हा साहेब खुर्चीत पुढे झुकले.

"बाई, तड्याची बातमी शत्रूच्या हाती लागली तर काय होईल, कल्पना आहे का?"

"शत्रू कशाला येईल, साहेब," ती म्हणाली. "नुसती वाट बघत बसला तरी पुरे."

घरी नवऱ्याने समजावलं की तो सरकारी छापखान्यात कामाला आहे, आपण गप्प बसलेलं बरं, आपोआप निवळेल. ती गप्पच होती. गप्प बसण्याचा तिला सराव होता. पण हात गप्प बसेनात.

माझा खांब पुलाच्याच काँक्रीटमध्ये रोवलेला आहे. वरून काय जातं ते माझ्या स्क्रूंना कळतं. रोज सकाळी साडेसातला शाळेची बस जायची, चाळीसेक पोरं, खिडकीतून बाहेर आलेले हात. पूर्वी त्या बसने मला गुदगुल्या व्हायच्या. त्या आठवड्यात माझा एक स्क्रू निम्मा बाहेर आला.

चौकीवर जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सून आली, हातात डबा. डब्यात कालवलेलं सिमेंट आणि फुटक्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या. पहारेकरी आडवा आला. त्याचा चेहरा पडला होता.

"ताई, नका ना. आता तुम्हालाही धरायला लावतील मला."

"दादा, पाटी वाचा."

अकरा वर्षं तो माझ्या सावलीत बसला होता. त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा वाचलं, ओठ हलवत, शब्दावर बोट ठेवत. शेवटपर्यंत वाचून तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

"काचेचं काहीच नाही यात," तो म्हणाला आणि स्टुलावर जाऊन बसला.

तिने खाली खांबावर पाच पट्ट्या लावल्या. सहावी वर, रस्त्याच्या कडेला, कठड्यावर आलेल्या तड्यावर लावली. प्रत्येकीशेजारी तारीख. चालणारे लोक थांबून विचारू लागले. ती एका वाक्यात सांगायची, काच तुटली तर समजा खांब हलला. बाकी काही नाही. सरकार नाही, साहेब नाही, सासरा नाही. दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला, काच कोण लावतंय? पहारेकरी उभा राहून म्हणाला, "मी फोटोवर लक्ष ठेवतो, साहेब. काचेवर नाही." फोन ठेवल्यावर त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दहाबारा माणसं कठड्याशी उभी होती. त्यांत ती होती. बस आली. तिने थांबवायला हात वर केला, ड्रायव्हरला वाटलं रस्ता ओलांडायचाय, त्याने हॉर्न दिला. बस माझ्यासमोरून गेली, तिसऱ्या खांबावर आली. एका पोराने खिडकीतून हात हलवला. माझं सगळं अंग थरथरलं. बस पुढे गेली, पलीकडे उतरली, आणि मग मागे, सगळं शांत झाल्यावर, कठड्यावरची काच टक् करून तुटली.

एका बाईने पदर तोंडावर धरला.

पोरांना सोडून ड्रायव्हर चालत परत आला. तो खाली वाकला, दोन्ही तुकडे निरखले, तारीख वाचली. कालचीच होती. "मला आधी सांगायचं ना, ताई," एवढंच म्हणाला. तिने मघाशी वर केलेला हात आता कठड्यावर टेकलेला होता, तो तिने खाली घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्याने बस लांबच्या रस्त्याने न्यायला सुरुवात केली. मग दुधाची गाडी वळली, मग बाकीच्या. चौथ्या दिवशी पूल खात्याने दोन्ही तोंडांना आडवे बांबू बांधले आणि कागद चिकटवला: देखभालीसाठी बंद.

कोर्टात पहारेकऱ्याने पढवलेलं सांगितलंच नाही. आपणच म्हाताऱ्याचा दंड धरला होता, आणि अकरा वर्षांत या पुलावर शेकडो जोडप्यांचे फोटो आपणच काढले, असं तो सांगून मोकळा झाला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, पूल बंद का केला? वकील म्हणाले, तडा गेलाय म्हणून. न्यायाधीश म्हणाले, मग जो तडा तुम्हीच भर कोर्टात कबूल करताय, त्यात या माणसाने फोडलेलं गुपित कुठलं? वकील कागद चाळत राहिले. चौतिसाव्या दिवशी म्हातारा सुटला. पहारेकऱ्याची बदली लांबच्या एका गोदामावर झाली. जाताना त्याने माझा सैल स्क्रू पिळून घट्ट केला. का केला, त्याचं त्याला ठाऊक.

आता खाली खांबाचं काम चालू आहे. वाळूची यंत्रं थोडी खालच्या अंगाला सरकली आहेत.

आणि मी? मला वाटलं होतं आता तरी काढतील. गेल्या आठवड्यात एक नवा पेंटर आला. त्याला कुणीतरी कागद दिला होता. माझ्या जुन्या ओळीखाली त्याने दुसरी ओळ काढली: ‘तसेच मोजमाप, रेखाटन व कोणत्याही ठिकाणी काच चिकटवण्यास मनाई आहे.’ रंग ओला असतानाच म्हातारा आणि सून फिरत आले. तिने त्याला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "बघ सूनबाई. तुझं म्हणणं त्यांनी शेवटी लेखी घेतलं." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पत्र्याची. मला चालता येत नाही, स्वतःला पुसता येत नाही. कुणाच्या हुकुमाने उभी आहे तेही आता धड सांगता येणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: माझ्यासारखी पाटी दिसली तर घाबरा हवं तर, फोटोही काढू नका हवं तर. पण वाचून लगेच पुढे जाऊ नका. मी ज्याच्याकडे पाठ करून उभी आहे, तिकडे एकदा वळून बघा.