पट्टीखालची हळद

अण्णांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. विहारातल्या सतरंज्या परत गेल्या, बीडकडचे पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, आणि आईनं कपाटातून साखर तपासायचं मीटर आणि पट्ट्यांची डबी काढून श्रद्धाच्या पर्समध्ये टाकली.

"घेऊन जा हे. घरात नको."

अण्णांची औषधं, चष्मा, वॉकर, एकेक वस्तू आई अशीच वाटून टाकत होती. माणूस गेला की त्याच्या दुखण्याच्या वस्तू घरात ठेवू नयेत, असं शेजारच्या शालनबाईंनी तिच्या मनावर बिंबवलं होतं.

मीटर आणि पट्ट्या श्रद्धाच्याच कंपनीच्या होत्या. चाकणच्या त्या कंपनीत ती पंधरा वर्षं होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आधी काही वर्षं तिनं औषधांच्या गोळ्या तपासल्या, आणि मग हे काम हाती घेतलं ते सोडलंच नाही. बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीनं ओढून घ्यायचा, पट्टीवरच्या एन्झाइमनं त्यातल्या साखरेला गाठायचं, आणि त्या झटापटीतून जो अतिशय बारीक विद्युतप्रवाह निघतो तो मीटरनं मोजून आकडा दाखवायचा. सांगायला सोपं. पण रक्तात साखरेखेरीज शंभर गोष्टी असतात आणि प्रत्येकीला आपला प्रवाह त्यात मिसळायचा असतो. त्यांना बाजूला कसं ठेवायचं, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती.

पहिल्या कच्च्या पट्ट्या तिनं तपासल्या त्या अण्णांच्या रक्तावर. अण्णा तेव्हा पिंपरीतल्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि डॉक्टरांनी मधुमेहाचं निदान नुकतंच हातात ठेवलं होतं. रविवारी सकाळी ते आपण होऊन बोट पुढं करायचे. "टोच," म्हणायचे. "कंपनीनं तीस वर्षं घाम घेतला. तू रक्त घे. घेण्यात घरचं कुणी मागं राहायला नको." पुढं पट्ट्या बाजारात आल्या तेव्हा मीटर खिशात घालून ते विहारात जायला लागले. दिसेल त्या म्हाताऱ्याचं बोट धरायचे. "आमच्या पोरीचं मशिन आहे. खोटं बोलत नाही."

अण्णा गेले ते कुणाला त्रास न देता. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. महापालिकेच्या दवाखान्यात हृदयविकार असं लिहून मिळालं. पंचाहत्तरीचा माणूस, जुना मधुमेह. कुणालाच नवल वाटलं नाही. श्रद्धालाही नाही.

सुट्टी संपवून ती कामावर गेली आणि पर्समधली डबी बाहेर काढली. बाहेरून परत आलेली डबी न तपासता टाकायची नाही, हा क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेतला नियम तिनंच घालून दिलेला. हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणूनही असेल, तिनं साखरेचं ठरलेलं प्रमाण असलेलं द्रावण घेतलं, सगळ्यांत कमी साखरेचं, आणि एक पट्टी त्याला लावली. साठाच्या आसपास यायला हवं होतं. मीटरनं दोनशे चौऱ्याऐंशी दाखवलं.

तिनं दुसरी पट्टी लावली. दोनशे साठ. तिसरी बरोबर आली. चौथी पुन्हा चढलेली.

मग उरलेल्यांतली एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून चिमट्यानं तिच्यावरचा पारदर्शक पापुद्रा सोलला. खाली, कार्बनच्या काळ्या रेघेवर, पिवळे कण बसले होते. तिनं सोड्याच्या पाण्याचा एक थेंब त्यांवर सोडला. पिवळं होतं ते डोळ्यांदेखत लाल झालं.

हळद होती. हळदीला सोडा किंवा चुना लागला की कुंकू होतं, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. ती त्या काळ्या रेघेवर, म्हणजे इलेक्ट्रोडवर पडली की स्वतःचा प्रवाह देते, हे सांगायला मात्र लागतं.

डबीवर उत्पादनाची तारीख होती, खंडेनवमीची. ती वाचून श्रद्धा सरळ खाली ज्योतीरामकडे गेली. पट्ट्यांवर एन्झाइमचे थेंब सोडणारं नवं मशिन तोच चालवायचा. लातूरकडचा, सरळ माणूस.

"ज्योतीराम, खंडेनवमीला पूजा कुठं केली?"

त्यानं हातमोजे काढले. "तुम्ही नव्हता ना मॅडम तवा."

ती नव्हती हे खरंच होतं. दरवर्षी खंडेनवमीला ती कंपनीत थांबायची. मशिनच्या खोलीत हार, नारळ, हळदकुंकू काहीही जाऊ द्यायचं नाही यासाठी तिनं कधीच एक तोड काढली होती. मशिनचा मोठा फोटो दाराबाहेर लावायचा आणि पूजा त्याची करायची. पोरं त्याला 'मॅडमचा फोटोदेव' म्हणायची, पण ऐकायची. यंदा अण्णांनी हट्ट धरला होता, पाय चालताहेत तोवर एकदा दीक्षाभूमीवर ने. नवमीला ती त्यांना घेऊन नागपूरच्या गाडीत बसली होती.

"नवं मशिन, त्याचा पहिला दसरा," ज्योतीराम म्हणाला. "पोरं म्हणली, किती वर्षं फोटोला ओवाळायचं? आत केली. नारळ मात्र बाहेर फोडला मॅडम, आईशप्पथ. आत निस्ती हळदकुंकवाची बोटं लावली आणि थोडं उधळलं. ट्रे झाकले होते."

"सगळे?"

त्यानं हातमोजे मुठीत चुरगाळले. मग म्हणाला, "वाळत घातलेले न्हाई. ते ओले असतात. झाकले की चिकटतात." आणि लगेच, "काय झालंय का?"

"बघतेय," श्रद्धा म्हणाली.

उत्पादन बघणारे दिग्विजय सर तिच्यापेक्षा वयानं लहान होते, पण कंपनी त्यांच्या मेहुण्यांची होती. त्यांनी सोललेली पट्टी पाहिली, लाल डाग पाहिला आणि खुर्ची मागं ढकलली.

"वीस वर्षं पूजा होते मॅडम. आजवर कुणाला हळद बाधली नाही. यंदाच बाधली?"

"आजवर ती खोलीत गेली नव्हती."

"क्यूसीनंच लॉट पास केलाय. तुमच्याच सहीनं."

"आपण लॉटच्या सुरुवातीचे आणि शेवटचे नमुने तपासतो. हे मधले ट्रे आहेत."

"तुम्हा लोकांना आमच्या पूजेचं जरा..." ते थांबले.

"आम्हा लोकांना म्हणजे?"

"म्हणजे क्यूसीवाल्यांना हो. लगेच कुठल्या कुठं नेता." त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, तुमचे वडील गेलेत, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण ही घरात उघडलेली डबी आहे. स्वयंपाकघरात हळद नसते का? तुमच्या आईंचा हात लागला असेल."

"कण पापुद्र्याखाली आहेत. पापुद्रा इथं चिकटवला जातो, आमच्या स्वयंपाकघरात नाही."

त्यांनी पट्टी पुन्हा उजेडात धरून पाहिली. पण अडचण होतीच. गोदामातला शिल्लक माल ते थांबवायला तयार होते. दुकानांत आणि घराघरांत गेलेल्या डब्या परत बोलवायच्या तर मेहुण्यांसमोर एका डबीवर उभं राहता येणार नव्हतं. "ग्राहकाची तक्रार आणा. वापरणाऱ्यानं स्वतः सांगितलेली. अमुक दिवशी मीटरनं अमुक दाखवलं, त्यावरून अमुक औषध घेतलं, पुढं असं झालं. मग मला कुणी अडवू शकत नाही."

पुढचे दोन दिवस श्रद्धा त्या लॉटच्या राखून ठेवलेल्या डब्या फोडत बसली. पट्टीमागून पट्टी. एखादी, एक तरी चढलेली निघावी म्हणून. सगळ्या बरोबर निघाल्या. वाईट ट्रे गेले होते ते गेलेच होते. कुणाच्या तरी फ्रिजवर, कुणाच्या तरी उशाशी त्या डब्या असणार, आणि त्यांवर विसंबून कुणीतरी इन्सुलिनची सुई भरत असणार.

आणि अण्णांची सुई आई भरायची.

घरी सांगायचं तर तेच सांगावं लागणार होतं. हृदयविकार हा शब्द आईनं स्वीकारला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "झोपेत गेले. माझ्या हातचं खाऊन गेले." या वाक्यावर ती उभी होती. आईकडे तक्रार मागायची म्हणजे ते वाक्य तिच्या पायाखालून काढून घ्यायचं. न मागावी तर? कुठल्यातरी घरात दुसरी कुणी बाई असंच वाक्य बोलायला लागली असती.

श्रद्धा घरी गेली तेव्हा आई दाराशी मेथी निवडत बसली होती. पलीकडून लोकल गेली. आवाज ओसरेपर्यंत दोघी थांबल्या. या घरात सगळे तसेच थांबत.

"आई, अण्णा गेले त्या दिवशी मीटर लावलं होतं का?"

"लावलं व्हतं की. जेवायच्या आधी. रोजच्यासारखं." आईचे हात चालूच होते. "का गं?"

"किती दाखवलं?"

"लई. तीनशेच्या वर." ती थोडी थांबली. "त्यांना घाम सुटला व्हता. बनियन भिजलं. हात कापायले. म्हणले, कस्तुरा, साखर घालून च्या दे, मला कसंतरी व्हतंय. मी म्हणलं, मशिन बघा की, साखर वाढलीय आन् तुम्हाला गोड सुचायलंय! तर हसले. म्हणले, बघ पुन्हा एकदा. पुन्हा लावलं. तरी तेवढंच. म्हणलं, पोरीचं मशिन हाय, खोटं कसं बोलंल? मग डाक्टरनं सांगितल्यावानी दोन पाइंट जास्त घेतले सुईत. भाकर बी अर्धीच वाढली."

श्रद्धाला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हताच. आईनंच तिच्याकडे पाहिलं, आणि मेथीची जुडी खाली ठेवली.

"खोटं बोललं का ते?"

"हो."

"म्हंजी वाढली नव्हती?"

"कमी झाली होती. खूप कमी."

बाहेर कुणीतरी नळावर हंडा लावला. तो भरायला लागल्याचा आवाज, मग भरत आल्याचा.

"च्या दिला असता तर?"

आजवर श्रद्धानं एकही निकाल गोड करून लिहिला नव्हता. तिच्या तोंडाशी काय काय आलं. वय झालं होतं, हृदय कमजोर होतं, नक्की कोण सांगणार. ते सगळं थोडंथोडं खरंही होतं.

"बहुतेक वाचले असते," ती म्हणाली.

आई रडली नाही. तिनं मांडीवरची मेथीची पानं एकेक करून ताटात टाकली, उठून हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन बसली.

"तू कशाला आलीस ते सांग."

श्रद्धानं सांगितलं. मशिनची खोली, हळद, बाजारात गेलेल्या डब्या, आणि तक्रार. ज्योतीरामचं नाव आलं तेव्हा आई म्हणाली, "त्याला लेकरं हायती का?"

"दोन आहेत."

"त्याला माझं काही सांगू नको." मग म्हणाली, "लिही."

श्रद्धा लिहू लागली. तारीख, आकडा, सुईतलं औषध. एवढं पुरे होतं. ती पेन बंद करायला लागली तशी आईनं तिचं मनगट धरलं.

"च्याचं लिहिलंस का?"

"त्याची गरज नाही आई."

"हाय. लिही. त्यांनी साखर मागितली आन् मी दिली न्हाई. घामानं भिजलेला माणूस समोर बसला व्हता आन् मी मशिनीकडं बघितलं. ते बी लिही. दुसऱ्या बाईला कळंल."

श्रद्धानं लिहिलं. आईनं कागद जवळ घेतला. वाचता येण्याइतकी अक्षरं तिला अण्णांनीच शिकवली होती, लग्नानंतर, याच घरात. एकेका शब्दावर बोट ठेवत तिनं सगळं वाचलं. वाचायला वेळ लागला. मग खाली सही केली, कस्तुरा अण्णासाहेब ओव्हाळ, आणि पेन परत दिलं.

"मी थांबते आज इथं," श्रद्धा म्हणाली.

"नको."

"शालनबाईंना तरी बोलवू का?"

"कुणाला बोलावू नको. आन् तू बी चार दिस येऊ नको, श्रद्धा." आई तिच्याकडे पाहत नव्हती. "तुझा दोष न्हाई ते मला कळतंय. पर तुला बघितलं की ते मशिन दिसतंय. जरा दम खाऊ दे मला. मग ये."

श्रद्धानं चपला घातल्या. मागं दार लागलं, आणि कधी नव्हे ती आतून कडीही लागली. जिन्यात अर्ध्यावर आल्यावर ती थांबली, कागद कठड्यावर पसरून मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि तिथूनच दिग्विजय सरांना पाठवून दिला. तो कागद घरी नेला असता तर आपण तो पाठवलाच असता, याची तिला खात्री वाटत नव्हती.