कावळा शिवेना

नव्या गाडीवर पाखरं घाण करतात म्हणून शेजारच्या अनंतरावांनी भागूबाईच्या परसातली चिमण्यांची पेटी काठीनं पाडली, तेव्हा तिच्यात अंडी होती. "पाखरंच तर आहेत," म्हणत ते आत निघून गेले. भागूबाई मूळची देवगाव रंगारीची. ती राग गिळत नाही, लोणच्यासारखा मुरवते.

दुसऱ्या दिवसापासून चिमण्यांसाठीच्या बाजरीच्या भांड्याशेजारी ती कावळ्यांना उकडलेली अंडी फोडून ठेवू लागली. पितृपक्ष लागेस्तोवर गल्लीतला झाडून सगळा कावळा तिच्याकडे मुक्कामाला आला.

अनंतरावांनी आईच्या श्राद्धाचं पान भिंतीवर ठेवलं. दुपार कलली. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं? पाहुणे भुकेनं चुळबुळत होते आणि कावळे भागूबाईच्या शेवग्यावर पोट भरून बसले होते. अनंतराव हात जोडून आईला वचनं देत होते. "आई, ताईला अंतर देणार नाही. घर विकणार नाही." एकही कावळा हलेना.

"चिमणीचं घर परत बांधून देतो म्हणा की," भागूबाई भिंतीपलीकडून म्हणाली. "तुमच्या आई त्याच्यासाठीच अडून बसल्या असतील."

सगळ्यांदेखत अनंतरावांची मान खाली गेली. "देतो, आई. बांधून देतो. चुकलं माझं."

शेवग्यावरचा एक कावळा उडाला, थेट पानाकडे निघाला. भागूबाईनं पदराखालचं अंडं काढलं, फोडलं आणि आपल्या परसात टाकलं.

कावळा वरच्या वर वळला.