बहिरूची जन्मतारीख

वाडीत घरं एकतीस. प्रत्येक घराच्या छपरावर एक सौर पॅनेल, दाराशी एक दिवा, आतल्या भिंतीला एक बॅटरी. अश्लेषाने प्रत्येक बॅटरीवरचा क्रमांक स्वतः वाचला आणि मोबाइलमध्ये खूण केली. एकतीस संच जागेवर होते. वाटप मात्र बत्तीस संचांचं झालं होतं.

बत्तिसावं नाव होतं, बहिरू अंबाजी शेडगे.

ती अंबाजी आबांच्या ओट्यावर येऊन बसली. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत तिच्या संस्थेने दिवे वाटले होते. संस्थेचं ऑफिस वलवणला, पैसा परदेशातल्या एका निधीचा. मदतीच्या नावाखाली गेलेला पैसा आणि माल कुठेतरी बंदूकवाल्यांच्या हाती पडला होता, तेव्हापासून निधीवाले प्रत्येक लाभार्थ्याचं नाव दहशतवाद्यांच्या याद्यांशी ताडून पाहत. एकतीस नावं सुटली. बहिरूशी मिळतंजुळतं एक टोपणनाव मात्र कुठल्याशा यादीत निघालं. असं पुष्कळदा होतं. जन्मतारीख कळवली की माणूस निराळा असल्याचं दिसतं आणि नाव सुटतं. पण या बहिरूची जन्मतारीख नव्हती, आधार नव्हतं, फोन नव्हता. आज ऑफिस बंद होईपर्यंत तो कोण ते कळलं नाही, तर प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं आणि धरणापलीकडच्या वस्तीचे चाळीस दिवे थांबणार होते.

त्या वस्तीतली भागुबाई सकाळपासून तिच्याबरोबर घरोघर फिरत होती. आता तीही ओट्याच्या कडेला टेकली.

"आबा, बहिरू तुमचा मुलगा ना? कुठे असतो?"

आबांनी चुन्याची डबी उघडली आणि काही न घेता मिटली. चहा घेऊन आलेल्या धोंडाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"प्वार? आमाला दोन पोरी हायत, बाई. प्वार कुटला?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कुटं ठिवलाय वो?"

"तू आत जा."

"न्हाई जात. मलाबी कळू द्या की, ह्या वयात काय काय कळायचं ऱ्हायलंय ते."

भागुबाई हसली नाही. अश्लेषाने अंगणाकडे पाहिलं. तिथे वाडीतला संदेश आपल्या जीपची काच पुसत होता. काच स्वच्छच होती. वाडीतले सगळे फॉर्म त्यानेच भरले होते.

"संदेशदादा, हा माणूस तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय म्हंजे... ल्हानपनापासनं बगतोय, ताई."

"मग आहे कुठे?"

"हितंच. वर टेपावर. कुटं जात न्हाई त्यो."

तेवढ्यात वलवणहून वरदचा फोन आला. निधीचं काम तोच बघायचा.

"त्यांचा परत मेल आलाय, अश्लेषा. काय सांगू?"

"माणूस आहे म्हणतात. वर टेपावर राहतो."

"एकटी जाऊ नकोस."

तिला एकटीला कुणी जाऊच दिलं नाही. पुढे आबा, मागे संदेश, भागुबाई, आणि सगळ्यांच्या मागे, पदर खोचून, धोंडाबाई. पेठेकडून येणारी पायवाट जिथे टेपाची टेकडी ओलांडते, तिथे अंजनीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा दगड होता. पुढ्यात नारळाच्या दोन करवंट्या. शेजारी लाकडी खांबावर पॅनेल आणि दिवा. अश्लेषाने वाकून बॅटरीचा क्रमांक वाचला. मोबाइलमध्ये पाहिला. पुन्हा वाचला. तोच होता.

"हा बहिरू?"

"बहिरोबा," आबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "वाडीत काय बी वाटलं तरी एक वाटा देवाचा. मासं आसू दे, मटान आसू दे, रानातला मध आसू दे. मग दिवं वाटताना त्यालाच कसा वगळायचा? पन तुमी म्हनलावता, दिवा फकस्त मान्सांना. म्हनून बोललो न्हाई."

"आणि वडिलांचं नाव?"

"त्यो रकाना रिकामा चालंना," संदेश म्हणाला. "आबा म्हनले, घाल माझं."

"देवाचा बाप झाला!" धोंडाबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् घरात आंघूळीचं पानी मी काढून देते."

"जन्मतारीख तरी घालायची, दादा."

"काय घालनार, ताई? चैतात जत्रा आसती, येवडंच म्हाईत."

अश्लेषा बाजूच्या दगडावर बसली. सकाळपासून आवळून धरलेले खांदे खाली आले. मग तिला हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना.

"म्हंजे माजं दिवं ह्यानं आडवलंवतं व्हय!" भागुबाई म्हणाली, आणि तिनेही दगडापुढे हात जोडले.

अश्लेषाने वरदला सगळं जसंच्या तसं सांगितलं, दगडाचे आणि क्रमांकाचे फोटो पाठवले. पलीकडे त्याची खुर्ची करकरली आणि तो हसत सुटला. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. बहिरूचं नाव लाभार्थ्यांच्या यादीतून काढलं होतं. चाळीस दिवे मोकळे झाले होते.

"पण तो दिवा देवस्थानाला देता येत नाही," वरद म्हणाला. "काढून आणावा लागेल. एकच सवलत आहे. सार्वजनिक वाटेवर निदान पाच लक्स उजेड पडत असेल, तर सामायिक दिवा म्हणून नोंदवता येतो. मोजून कळव."

तिने ते सगळ्यांना सांगितलं. लक्स म्हणजे उजेडाचं माप, हेही सांगितलं.

"काडून न्हेनार?" आबांनी विचारलं.

"अंधार पडू दे, आबा. मोजल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

ते तिथेच बसले. खाली पवना धरणाचं पाणी राखाडी झालं, मग दिसेनासं झालं. दिवा आपोआप लागला. तेव्हा अश्लेषाच्या लक्षात आलं की दिव्याची पाठ देवाकडे आहे. शेंदराचा दगड अंधारात होता.

"त्याच्याकडे तोंड नाही केलंत?"

"त्याला कशापायी उजेड? त्याला दिसतंय की," आबा म्हणाले. "हितं उतारावर लोकं पडत्यात. गेल्या साली नंदाबाईचा पाय मोडला."

अश्लेषाने पिशवीतून उजेड मोजायचं यंत्र काढलं. वाटेच्या मधोमध जमिनीवर ठेवलं आणि आपली सावली पडणार नाही अशी मागे सरकली. धोंडाबाईंनी संदेशला दंडाला धरून बाजूला ओढलं.

तिने तीन वेळा मोजलं. सात पूर्णांक एक. सहा पूर्णांक नऊ. सात.

"पाचाच्या वर आहे, आबा. दिवा इथेच राहील."