कोणता मास्तर

आमच्या ग्रेनडा बेटावर माणूस गेला की रेडिओवर सांगतात, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना. आधी पूर्ण नाव येतं, मग गाव, आणि मग ज्याच्यासाठी सगळे हातातला घास थांबवतात ते: ‘अमुक या नावाने परिचित’. पूर्ण नाव आईला आणि पाद्र्याला ठाऊक असतं. बाकीच्यांना माणूस टोपणनावानेच कळतो. ते सांगितलं नाही, तर शेजारचा माणूस मेला तरी पत्ता लागायचा नाही.

माझ्या भावाचं नाव लिओपोल्ड. गाव त्याला ‘अँगल’ म्हणायचं. मी तो शब्द भावासाठी, एक वेळ सोडली तर, कधी तोंडातून काढला नाही. इथे लिहिते आहे ते तुम्हाला कळावं म्हणून.

ती देणगी इग्नेशियस कोर्बनची, आमच्या शाळेच्या मास्तरची. दर शुक्रवारी त्याचा जोड्यांचा तास असायचा. इंग्रजीतले सारखे दिसणारे, सारखे ऐकू येणारे शब्द तो फळ्यावर दोन-दोन करून लिहायचा, दोन्ही हातांचं एकेक बोट वर करायचा आणि विचारायचा, “हा की हा? कोणता?” ज्याचं चुकलं, त्याच्या गळ्यात त्याचाच चुकलेला शब्द पुठ्ठ्यावर लिहून लटकवायचा. तो पुठ्ठा घालूनच घरी जायचं, भर बाजारातून. मास्तरला स्वतःच्या या युक्तीचा फार अभिमान होता.

नाताळच्या आधीचा शुक्रवार होता. एंजल म्हणजे देवदूत आणि अँगल म्हणजे कोन, लिहिताना शेवटच्या दोन अक्षरांची तेवढी अदलाबदल. लिओपोल्डने फळ्यावर लिहिलं की मेरीकडे एक अँगल आला.

मास्तर म्हणाला, “असं? किती अंशांचा होता रे? काटकोन होता की जरा वाकलेला?”

वर्ग हसून लोळला. मीही त्याच वर्गात मागच्या बाकावर होते. मी हसले नाही, आणि कोण कोण हसलं ते आजही नावानिशी सांगेन.

पुठ्ठा संध्याकाळी उतरला, नाव उतरलं नाही. सोमवारी लिओपोल्ड शाळेत गेला नाही, पुढे कधीच गेला नाही. वाढत्या वयात तो ताडमाड उंच झाला आणि थोडा पोक काढून चालायला लागला, तेव्हा तर लोकांच्या हाती कोलीतच मिळालं. शेवटी कंटाळून तो उत्तरेच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर गेला. नावाने त्याच्या आधीच बस पकडली होती. तिथेही पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, “तू आमच्या मावशीच्या गावचा अँगल ना?”

तापाचं निमित्त होऊन तो शहरातल्या इस्पितळात वारला. रेडिओवाल्यांना नाव द्यायला मीच गेले होते. त्यांनी विचारलं, “कोणत्या नावाने परिचित?” मी म्हटलं, “लिहिलंय तेवढंच वाचा.” जन्मभर नाही मिळालं, निदान मेल्यावर तरी माझ्या भावाला त्याचं नाव मिळावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी निवेदिकेने ‘लिओपोल्ड कॅडोर’ असं स्वच्छ, ठासून म्हटलं. मी रेडिओ पोटाशी धरून रडले.

त्याच्या मातीला पाद्री होता, मी होते आणि दोन म्हाताऱ्या आत्या होत्या. शवपेटी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा गाडीच्या ड्रायव्हरने हात दिला.

पुढच्या आठवड्यात उत्तरेहून एक टेम्पो भरून कोळी आले. त्यांचा म्होरक्या बॉस्को. माझ्या दारात उभा राहून तो तावातावाने बोलायला लागला.

“काय बाई, अँगल गेला आणि आम्हाला कळवायची पद्धत नाही?”

“रेडिओवर सांगितलं होतं. दोन्ही वेळा.”

“रेडिओ आम्ही रोज ऐकतो. तो कुणी लिओपोल्ड होता. आम्ही म्हटलं, असेल कुणी विलायतेहून मरायला आलेला म्हातारा.”

“तोच तो.”

बॉस्को पायरीवर बसला. “आम्ही त्या दिवशी धक्क्यावर पत्ते खेळत होतो गं,” तो म्हणाला. “सगळ्या बोटी बंद ठेवून आलो असतो. आम्ही उचलला असता त्याला.”

त्या दिवशी मी ठरवलं. मास्तरला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही. त्याचं नाव तेवढं काढून घ्यायचं.

गावात बेकरी एकच, ती माझी. मास्तर तेव्हा निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी पावाला यायचा. गर्दी ऐन भरात असताना मी दोन्ही हातांत एकेक पाव धरला, त्याच्या नाकासमोर नेला आणि म्हटलं, “हा की हा, मास्तर? कोणता?”

“दोन्ही सारखेच तर आहेत, फिलोमीन.”

“नीट बघा. सारखे दिसले म्हणजे एक नसतात. तुम्हीच शिकवलंत ना?”

लोक हसले. गावातल्या निम्म्या माणसांच्या गळ्यात कधी ना कधी पुठ्ठा पडला होता, त्यामुळे हसू जरा जास्तच मोकळं आलं. मास्तरही हसला, बिचाऱ्याला वाटलं थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. पाव द्यायच्या आधी त्याला एका हाताकडे बोट दाखवायला लावायचं, आणि त्याने दाखवलं की म्हणायचं, “चुकलं.” मग दुसऱ्या हातातला द्यायचा.

महिन्याभरात मी विचारायच्या आधी गिऱ्हाईकंच ओरडायला लागली, “कोणता, मास्तर, कोणता?” त्याने यायचं बंद केलं आणि भाची क्लॉडेटला पाठवायला लागला. मी तिला म्हणायचे, “‘कोणता’साठी का? ने बाई, ताजा आहे.” शाळा सुटली की पोरं त्याच्या कुंपणाशी दोन बोटं वर करून उभी राहायची. पुढे पुढे तर पाद्रीच व्यासपीठावरून म्हणून गेला, “आजचं वाचन आपले कोणता मास्तर... श्रीयुत कोर्बन करतील.” अख्खं चर्च रुमालात तोंड खुपसून बसलं. मास्तरने वाचन केलं, पण आवाज कापत होता. मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी कोकोचा चहा केला आणि दोन कप प्याले.

वर्षं गेली, नाव घट्ट बसलं. नवीन पोरांना तर तो कोर्बन होता हेही माहीत नव्हतं.

मग एका दुपारी, भट्टी थंड झालेली आणि दुकानात कुणी नसताना, तो काठी टेकत आला. अंगात काही राहिलं नव्हतं, शर्ट मात्र इस्त्रीचा.

“फिलोमीन, डॉक्टरांनी हात टेकले,” तो म्हणाला. “क्लॉडेट म्हणते, रेडिओवर ते नाव घालावंच लागेल, नाहीतर लोकांना कळायचं नाही. मी आयुष्यभर या गावाला अक्षर शिकवलं. मला तसं जायचं नाही. गाव तुझं ऐकतं. तू तिला सांग, नको म्हणून.”

“सांगते की.”

त्याचे डोळे भरून आले. माझा हात धरायला तो पुढे झाला, तो मी मागे घेतला.

“फक्त एक विचारते. माझ्या भावाची दोन नावं होती. तुम्हाला कोणतं येतं?”

“तो आपला... अँगल.”

“ते तुम्ही दिलेलं. दुसरं?”

 मास्तरचे ओठ हलत होते. रोज सकाळी ज्या हजेरीत त्याने ते नाव घेतलं होतं, तिच्यात तो शोधत असावा. शेवटी हळूच म्हणाला, “लॉरेन्स?”

“नाही.”

“लिओनार्ड. लिओनार्डच ना?”

“जवळ आलात. पण जवळचा शब्द म्हणजे चुकलेला शब्द, असं तुम्हीच म्हणायचात.”

“पोरी, मी म्हातारा माणूस आहे.”

“माझा भाऊ लहान होता.”

 मी फडका घेऊन फळ्या पुसत राहिले. मग काठीचा आवाज पायऱ्या उतरून गेला.

तो गेला तेव्हा क्लॉडेट माझ्याकडेच आली. विचारलं, “फिलो, घालू का गं ते नाव?” मी म्हटलं, “घाल. नाहीतर लोकांना कळणार कसं?” दुपारी रेडिओवर आलं: इग्नेशियस कोर्बन, निवृत्त मुख्याध्यापक, ‘कोणता’ या नावाने परिचित. समोरच्या दुकानात कुणीतरी फिस्सकन हसलं. मी रेडिओचा आवाज वाढवला.

मातीला चर्च ओसंडून वाहिलं. आत जागा नव्हती म्हणून लोक स्मशानात थडग्यांमध्ये उभे होते. शवपेटीला हात लावायला पोरांची झुंबड उडाली. एवढी माणसं त्याला मी मिळवून दिली होती, माझ्या हाताने, पावागणिक. सूड पुरा झाला होता आणि मी तिथे उभी राहून भजन सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होते.

तेवढ्यात खालच्या आळीचा सेल्विन दिसला. लिओपोल्डच्या क्रुसावर टोपी अडकवून टेकून उभा होता. त्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा. त्याने क्रुसावरची अक्षरं वाचली.

“फिलो, हा लिओपोल्ड कोण गं? तुमच्यातलाच का?”

“माझा भाऊ.”

“तुला आणखी एक भाऊ होता?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. सांगितलं नसतं तर तो तसाच टेकून राहिला असता.

“अँगल,” मी म्हणाले.

“अगं, अँगल होय,” सेल्विन म्हणाला, आणि त्याने घाईघाईने टोपी काढून घेतली.