एकतीस इंचांचा रस्ता

माप कसं घ्यावं हे शिंपीबुवांना कुणी शिकवू नये. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीची पोटं मोजली होती. मग लेकीच्या शहराचा रस्ता ते दुसऱ्या कशाने मोजणार? गळ्यातली टेप काढली, भिंतीवरच्या नकाशावर वळणावळणाने लावली. "एकतीस! खाली लिहिलंय, एकाला दहा किलोमीटर. म्हणजे तीनशे दहा. सायकलने सहा दिवसांत आरामात!" लेकीलाही फोनवर ऐटीत सांगून टाकलं.

लेक शिवणाचं दुकान काढत होती. पहिलं कापड बाबांनीच कापायचं, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. साठवलेले पैसे तिच्या मशीनमध्ये गेले, बसचं तिकीट परवडेना. पण घरात दोन जुन्या सायकली होत्या. मोठी कात्री फडक्यात गुंडाळून बुवा निघाले. मागून बायको आली ती पिठाची पिशवी आणि सुईदोऱ्याचा डबा लादून.

"अगं, सहा दिवसांसाठी एवढं बिऱ्हाड?"

"असू द्या हो."

पाचव्या दिवशी रस्त्यावर लेकीच्या शहराची पाटी दिसली. पुढे आकडा होता ५३७. बुवांनी चष्मा पुसला. आकडा काही हलला नाही. मग टेप उलटसुलट करून पाहिली आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नकाशा सेंटिमीटरचा, यांनी धरले होते इंच. जन्मात दुसरं काही धरलंच नव्हतं ना!

"बोंबला! परवा उद्घाटन, आणि आपण इथे!"

"फोन करा तिला."

"कुठल्या तोंडाने करू?"

"नका करू मग. मारा पेडल."

खिसा रिकामा झाला तसा बायकोने डबा उघडला. कुठे ट्रकची फाटकी ताडपत्री, कुठे शाळेच्या पहारेकऱ्याची विजार. त्या बदल्यात दोन घास आणि पथारी टाकायला ओसरी. बुवांना चक्क मजा येऊ लागली. उताराला दोन्ही पाय पसरून शिट्ट्या मारायचे! पण कात्रीला हात लागला की मनात यायचं, पोरीने आता दुसऱ्याच कुणाकडून कापड कापून घेतलं असणार.

सोळाव्या दिवशी ते पोचले. दुकानाचं शटर खाली. बुवांना रडूच आलं. तेवढ्यात शटर वर गेलं आणि लेक धावत येऊन गळ्यातच पडली. आत टेबलावर अखंड कापड पसरलेलं.

"उद्घाटन उद्या आहे, बाबा. तुम्ही एकतीस म्हणालात ना, तेव्हाच मी टेप उलटी करून पाहिली, मागे एकोणऐंशी सेंटिमीटर! तारीख पुढे ढकलली आणि आईला सांगून ठेवलं."

"आणि मला गं?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर निघाला असतात?"

जवळजवळ आठशे किलोमीटर, या वयात, त्या खटाऱ्यावर? "छे! मी काय वेडा आहे?" बुवा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मग एवढं पीठ काय हौसेने वाहिलं?"

दुसऱ्या दिवशी बुवांनी कात्री उचलली. लेक टेप धरून शेजारी उभी राहिली.

"बाबा, इंच ना?"

"इंचच!" बुवा गरजले आणि कापडावर कात्री चालवली.