शेवटच्या फेरीची घंटा

मित्रांनो, जवळ या आणि माझ्या कडेवरून हळूच बोट फिरवा. कोरलेले नाव हाताला लागते ना? त्याचे पहिले अक्षर मात्र लागणार नाही. तिथे नुसता खरखरीत खळगा आहे. मी सायकल शर्यतीची जुनी घंटा आहे, आणि तो खळगा कसा पडला हे मला तुम्हाला सांगायचे आहे. ही गोष्ट आनंदाची नाही. पण तुम्हीही आता सायकली घेऊन शर्यतीत उतरायला लागला आहात, तेव्हा ती तुम्हाला ठाऊक असलेली बरी.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. आमच्या चर्चची मोठी घंटा ओतून झाल्यावर मुशीत काशाचा थोडा रस उरला. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून कारागिराने एक लहानसा साचा केला आणि मी झाले. मोठी बहीण मनोऱ्यात गेली. तिच्या वाट्याला लग्ने, बारशी आणि अंत्ययात्रा आल्या. माझ्या वाट्याला सायकली आल्या.

आमच्या फ्लँडर्सच्या मुलखात डोंगर नाहीत. आमच्याकडे वारा आहे. समुद्रावरून येतो आणि बिटाच्या शेतांवरून मोकाट धावतो. त्या वाऱ्यात मान खाली घालून सायकल हाकायला आमची मुले चालता येऊ लागताच शिकतात. उन्हाळा संपत आला की गावची जत्रा भरते आणि जत्रेच्या सोमवारी शर्यत असते. वीटभट्टी, बिटाची शेते, दगडी फरसबंदीची अरुंद वाट आणि पुन्हा चर्चचा चौक, अशा फेऱ्या मारायच्या. शर्यतीच्या दिवशी मी चौकातल्या खांबावर असे. बाकी वर्षभर गोडेलीव्ह नावाच्या बाईच्या कॉफीघरात, तिथल्या बिअरच्या पिंपांच्या वर लटकत असे.

माझे काम साधे होते. सर्वांत पुढचा सायकलस्वार शेवटच्या फेरीला लागला की वाजायचे. पहिली टोळी निघून गेली की दोरी सोडून द्यायची. मागून रखडत येणाऱ्यांसाठी मी वाजत नसे. तसा नेमच होता, आणि त्यात काही चुकते आहे असे तेव्हा कुणाला वाटले नाही. मलाही नाही.

दोरी ओदीलच्या हातात असे. तो गावचा पाववाला. त्याच्या हाताचे पीठ माझ्या दोरीला लागलेले असायचे. एका वर्षी त्याने मला एक फेरी आधीच वाजवले. बिचारे सायकलस्वार जीव काढून धावले, एकाने तर हात वर करून विजय साजरा केला, आणि मग कळले की अजून एक फेरी बाकी आहे! पुढे कित्येक वर्षे लोक त्याच्या दुकानात शिरताना विचारत, "काय ओदीलकाका, पाव भाजलाय, की अजून एक फेरी बाकी आहे?"

या ओदीलने दोन मुले तयार केली. वानेस हा गोडेलीव्हचा मुलगा आणि लीवेन वीटभट्टीच्या गल्लीतला. दोघे एकत्र सराव करत, एकाच बशीतल्या तळलेल्या बटाट्यांवरून भांडत. जत्रेच्या आधी गावातली पोरे रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आपल्या आवडत्यांची नावे लिहीत, तेव्हा कुणीतरी ओरडायचे, "ए लीवेन, तुझं नाव वानेसच्या पुढे लिहू की मागे?"

"मागेच लिही," लीवेन म्हणायचा. "तिथं वारा कमी लागतो!"

मग ते वर्ष आले. देशाच्या अजिंक्यपदाची शर्यत त्या वर्षी आमच्याच रस्त्यांवर झाली. चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेवटच्या फेरीला दोघेच पुढे निघून आले, आणि ते दोघे आमचेच होते. ओदीलने मला असे वाजवले, की माझे कान असते तर फुटले असते.

त्या क्षणी मी दोघांचे चेहरे पाहिले. लीवेनचा चेहरा राखेसारखा झाला होता. तोंड उघडे, हनुवटीवर लाळ, मिठाने पांढऱ्या पडलेल्या भुवया. वानेसचे तोंड मिटलेले होते. बाजारात जाणारा माणूस जसा नाकाने श्वास घेतो, तसा तो घेत होता.

"गोडेलीव्ह, बघितलंस का गं?" ओदील ओरडला. "पोराचं तोंडसुद्धा उघडलं नाही!"

तो कौतुकाने बोलला. गोडेलीव्ह आनंदाने रडत होती. वानेस पहिला आला, लीवेन दुसरा.

फर्नांद खाटीक तेव्हा आमच्या सायकल मंडळाचा प्रमुख होता. त्याने त्याच आठवड्यात कोरक्याला बोलावून वानेसचे नाव माझ्यावर कोरून घेतले. शिवाय असे ठरले, की यापुढे दर जत्रेला शेवटच्या फेरीची घंटा वानेसच वाजवील. गावाजवळ देण्यासारखा याहून मोठा मान नव्हता. माझाही भाव वाढला. मुले माझी अक्षरे बोटाने गिरवत. मी रोज पुसली जाऊ लागले. खोटे कशाला सांगू, मला फार अभिमान वाटत असे.

लीवेनने पुढच्याच वर्षी शर्यती सोडल्या. त्या संध्याकाळी तो कॉफीघरात माझ्या खालीच बसला होता, ओदीलच्या शेजारी.

"काका, मी त्याच्याइतकाच सराव केला," तो म्हणाला. "तेच खाल्लं, तेवढंच झोपलो. तरी त्याचं चाक मला सोडून पुढे निघून जातं. माझ्या छातीतच दम कमी आहे, दुसरं काय?"

"असतं रे एकेकाचं," ओदील म्हणाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लीवेन टपालवाला झाला. ज्या रस्त्यांवर तो शर्यत धावला, त्याच रस्त्यांवर टपालाची पिशवी घेऊन सायकल चालवू लागला. गावाने त्याला 'दुसरा' असे नाव ठेवले. तो कॉफीघरात आला की टेबलावरून हाक यायची, "आले, दुसरे आले! काय हो दुसरे, पत्रं तरी वेळेवर की तीही वानेसच्या मागून?" लीवेन सगळ्यांबरोबर हसायचा. फक्त जाताना माझ्यावरच्या नावाकडे एकदा बघायचा.

अशी बरीच वर्षे गेली. वानेसने शर्यती थांबवल्या, शहरात घर केले. जत्रेला मात्र तो न चुकता यायचा आणि माझी दोरी ओढायचा.

मित्रांनो, शर्यत संपल्यावर जिंकणाऱ्याची लघवी तपासणीसाठी घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. वानेसची त्या वर्षीची बाटली बर्फाच्या पेटीत जपून ठेवलेली होती. पूर्वी जे दिसत नव्हते, ते नव्या यंत्रांना दिसू लागले, तेव्हा ती पुन्हा तपासली गेली. तिच्यात रक्ताची ताकद वाढवणारे, बंदी असलेले औषध सापडले. वानेसने नाकारले नाही. त्याचे अजिंक्यपद गेले, आणि नियमाप्रमाणे ते दुसऱ्या आलेल्या लीवेनकडे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फर्नांद हातात कानस घेऊन आला. "वर्तमानपत्रवाले येतायत. गावाची शोभा नको," असे म्हणत त्याने मला काढले, टेबलावर आडवे केले आणि घासायला सुरुवात केली. माझ्या अंगातून कळ गेली. हे नाव ज्याने हौसेने कोरून घेतले होते, त्याचाच तो हात होता. गोडेलीव्ह ओले फडके हातात धरून नुसती उभी होती.

पहिले अक्षर गेले, इतक्यात लीवेन टपाल घेऊन आत आला.

"फर्नांद, थांब."

"अरे, तुझ्यासाठीच करतोय मी! आता इथं तुझं नाव यायला हवं."

"माझं नाव मी मागितलंय का? थांब म्हणतो ना."

फर्नांदने कानस खिशात घातली. गोडेलीव्हने मला आपल्या एप्रनमध्ये गुंडाळले आणि तळघरात नेऊन बटाट्यांच्या पोत्यांमागे ठेवले. त्यानंतरच्या जत्रेत शिट्टीवर काम भागवले.

तळघरात अंधार होता, पण वरचे बोलणे फळ्यांतून ऐकू येई. एकदा फार कडाक्याचे भांडण झाले.

"औषध घेतलं म्हणून पाय काय दुसऱ्याचे होते का? चालवली तर त्यानंच ना सायकल! मान होता तो राहू दे."

"आणि आमच्या पोरांना काय सांगायचं? चोरी करा, घंटा तुम्हालाच मिळेल?"

"अरे, तेव्हा सगळेच घेत होते!"

"सगळे?" हा ओदीलचा थकलेला आवाज होता. "लीवेन घेत होता?"

मग खुर्च्या सरकल्या, आणि लोक एकेक करून घरी गेले.

पुढच्या वसंतात एक पुडके आले. ते वाटून द्यायचे काम लीवेनचेच, आणि त्यावर नावही त्याचेच. अजिंक्यवीराचा तीन रंगांचा सदरा त्याने स्वतःच्याच पिशवीतून, सगळ्या गावाची पत्रे वाटत वाटत आणला आणि कॉफीघरात येऊन उघडला. तिथे गोडेलीव्हशिवाय कुणी नव्हते.

"घालून तरी बघ रे," गोडेलीव्ह म्हणाली.

"काकी, हा पंचविशीतल्या पोराचा सदरा आहे. माझ्या पोटावर अडकेल." तो हसला असावा. मग त्याचा आवाज बदलला. "त्या दिवशी रस्त्यावर मी हा घालून उभा असतो ना, तर माझी आई बघायला होती."

सदरा पुन्हा कागदात गुंडाळल्याची खसखस ऐकू आली. नंतर गोडेलीव्ह अगदी हळू म्हणाली, "लीवेन, मला मागायला तोंड नाही. पण तो जत्रेलाही घरी येत नाही आता. गाव तुझं ऐकेल. एकदा येऊ देशील त्याला?"

लीवेन म्हणाला, "घंटा वर आण, काकी."

जत्रेच्या सोमवारी मी पुन्हा खांबावर होते. वानेस आला होता. तळलेल्या बटाट्यांच्या गाडीमागे, टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. केस पिकले होते. फर्नांदने त्याला ओळखले.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"मी," लीवेन म्हणाला. त्याने वानेसला दंडाला धरून माझ्या खांबापाशी आणले. ते जे बोलले, ते मी एकटीनेच ऐकले.

"त्या दिवशीसुद्धा घेतलं होतंस?"

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंस? मी घरी बसलो रे. इतकी वर्षं मला वाटत आलं, की माझ्यातच काहीतरी कमी आहे."

वानेसने टोपी काढली. "कमी नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्यासारखा दम कुणातच नव्हता. मला ते माहीत होतं, म्हणून तर घेतलं." मग तो म्हणाला, "नाव घासून टाक, लीवेन."

"नाही. नाव गेलं, तर मी कुणाच्या मागे दुसरा आलो, तेच राहणार नाही. पोरं विचारतील हा खळगा कसला, तेव्हा सांगता आलं पाहिजे. नाव राहू दे."

वानेसने माझ्या दोरीकडे पाहिले. त्या नजरेत काय होते, ते मला नीट कळले. "आणि दोरी?"

"दोरी नाही," लीवेन म्हणाला.

वानेसने मान हलवली आणि दोन पावले मागे सरकला.

पुढची टोळी चौकात आली, आणि लीवेनने मला वाजवले. खळग्यामुळे माझा आवाज आता जरा थरथरतो. टोळी निघून गेली. नेमाप्रमाणे दोरी सोडायची होती. लीवेनने ती सोडली नाही. त्याने दुसऱ्या टोळीसाठी मला वाजवले. एकटे मागे पडलेल्यांसाठी वाजवले. लोक आधी हसले. "अरे दुसऱ्या, ओदीलकाकांचं वारं लागलं का तुला?" मग हळूहळू गप्प झाले. सर्वांत शेवटी एक मुलगी आली. तिचे गुडघे फुटले होते, तोंड उघडे होते, श्वासाला आवाज येत होता. घंटा आपल्यासाठी वाजते आहे, यावर तिचा विश्वासच बसेना. लीवेन तिच्यासाठी सर्वांत जास्त वेळ वाजवत राहिला.

मग मी पाहिले, तर वानेस खांबापाशी नव्हता, बटाट्यांच्या गाडीमागेही नव्हता. कॉफीघराच्या दारात गोडेलीव्ह उभी होती, आणि आत तिच्या मोरीपाशी पिकल्या केसांचा एक माणूस पाठमोरा उभा राहून पेले विसळत होता.

तेव्हापासून आमच्या गावी मी प्रत्येकासाठी वाजते. हा नेम लीवेनचा. तो आता थकला आहे. यंदा दोरी तुमच्यापैकीच कुणीतरी धराल. मला रोज पुसले नाही तरी चालेल. चार महिन्यांतून एकदा दोरी तपासा, म्हणजे झाले. पण तो खळगा भरून काढू नका, आणि त्याच्या पुढची अक्षरेही घासू नका. आणि तुम्ही माझ्यापुढून जाल, पहिले जा की शेवटचे जा, तेव्हा तोंड उघडे ठेवून, धापा टाकत जा. मी तुमच्यासाठी वाजेन.