बोडीच्या पाळीवरचं थाळीएवढं फूल

मित्रांनो, वरून पाहाल तर मी चार वाळक्या काड्यांचा खुंट आहे. पण खरं तर मी मोठ्या फुलांची एक जुनी जास्वंद आहे. हिवाळ्यात माझा जीव मातीखाली राहायला जातो.

देशातली पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. पोचू नागपूरला एका बंगल्यात माळीकाम करायचा. आरमोरीजवळ राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे, रुखमाबाईकडे, येताना त्याने माझं बी पुडीत बांधून आणलं. रुखमाबाईचा नवरा इस्तारी गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मासे धरायचा.

"भाऊजी, याले पायाखाली ओल लागते अन् डोक्यावर ऊन," पोचूने बजावलं.

म्हणून इस्तारीने मला बोडीच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी लावलं. मुलीला म्हणाला, "कुंता, पुढच्या साली तुह्या थाळीएवढं फूल येईल." त्या दिवसापासून कुंता जेवताना भातापेक्षा थाळीकडेच जास्त पाहू लागली.

पहिल्या वर्षी मला नुसती पानं आली. पाळीवर सगळी अंबाडी, तिच्यात मी एकटी. रुखमाबाईने माझीही पानं खुडून भाजी केली.

"अवो, भाजी आंबट काऊन नाई लागत?" तिने जेवताना नवऱ्याला विचारलं.

इस्तारीने कपाळाला हात लावला. "अवं, तू पोरीचं फूल शिजवलं!" मग त्याने तिला ओळख पटवून दिली. अंबाडीचं पान बोटांसारखं फाटलेलं, खोडाला बारीक काटे. माझं पान रुंद, टोकदार, खालून पांढुरकं आणि मऊ, खोड गुळगुळीत.

रुखमाबाईला ओळख पटली. पण शेजारच्या मुखरूला ती कोण सांगणार? थंडीत माझ्या काड्या वाळल्या. मुखरू दोरीच्या वाखासाठी आपली अंबाडी उपटत होता. त्याने मलाही हिसका दिला. मूळ हाललं नाही, काड्या मात्र बुडाशी मोडल्या आणि भाऱ्यात बांधून बोडीत भिजत पडल्या. कुंताने त्या दिवशी थाळी पालथी घातली आणि पानावर जेवली.

इस्तारी भांडला नाही. तो रोज घागरभर पाणी आणून माझ्या खुंटावर ओतू लागला. पळस फुलून गेला, मोहाला नवी पालवी आली. मी गप्पच.

"इस्तारीभाऊ, मढ्याले पाणी पाजून राह्यला काय?" मुखरू हसायचा.

"तुवा वरचं नेलं, मुखरू. बुड तं माह्याच घरी हाये."

मित्रांनो, मातीखाली मलाही हसू येत होतं. मी मुळातच उशिरा उठणारी! उन्हाची पहिली तलखी सरली, तेव्हा माझ्या खुंटाभोवती लालसर कोंबांची गर्दी झाली. मुखरूने मोडल्या होत्या त्या काड्या एरवीही कापायच्याच असतात.

श्रावणात एका सकाळी माझी पहिली कळी उघडली. कुंता थाळी घेऊन धावत आली. तिने थाळी फुलामागे धरली, तर थाळी दिसेना! गुलाबी पाकळ्या, मधोमध लालभडक डोळा. "अन् मी याची दोरी वळून राह्यलो होतो!" म्हणत मुखरू पोट धरून हसला.

संध्याकाळी फूल मिटलं. कुंताचे डोळे भरले. "बाबा, मेलं?"

"त्याचा दिवस भरला, माय. थे पाह्य, उद्याचं कळीत बसलं हाये."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच दोन फुलली.

पुढे कुंता चामोर्शीला सासरी गेली. बऱ्याच वर्षांनी, एका थंडीत इस्तारी वारला. कुंता आली आणि पाळीवर गेली. मग तिने माझ्या वाळक्या काड्या नीट कापल्या आणि बुडावर धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, पसरलं. म्हातारा मुखरू घागर घेऊन हळूहळू आला.

"बुड हाये न, बाई?"

"हाये, काका," कुंता म्हणाली. "वता पाणी."

मित्रांनो, एखादं झाड वाळलेलं दिसलं तर लगेच कुदळ उचलू नका. सगळी झाडं हिरवी झाल्यावरही थोडी वाट पाहा. रोज एक घागर ओता. थाळी मात्र घासून तयार ठेवा.